एक जून

सव्वीस मार्चला पुण्याहून फोन आला.
मुलगा गोड बोलणारा, नाव ओजस.
म्हणाला, झोपे मॅडम, एक एप्रिलपासून
तुमच्या चटई कारखान्याचा पगार आमच्याकडे.
तुम्ही फक्त शीट भरून पाठवा.

फक्त.

एकोणीस वर्षांचं हे फक्त
लाल कापडी पुठ्ठ्याच्या सात रजिस्टरांत,
थोडं शेटजींच्या वरच्या खिशात, चिठ्ठ्यांवर.
पीएफचं बघायला बळीराम पेठेतून अत्तरदे यायचे,
स्कूटर सावलीत लावायचे, चहा अर्धाच प्यायचे.
आता त्यांचे गुडघे गेले.

शीटला नाव तीन तुकड्यांत हवं होतं.
रुबाब तडवी आधारवर रूबाब,
बँकेत रुबाबखाँ, पीएफमध्ये नुसता आर.
तिघंही एकाच लूमवर उभे,
रात्रपाळीला, एकाच डब्यात जेवणारे.

मग जन्मतारखा.
तासाभरात ओजस:
मॅडम, काहीतरी कॉपी-पेस्ट झालंय,
त्रेचाळीसमधले अकरा जण एक जूनला जन्मलेत.
बरोबर आहे, म्हटलं.
सिस्टीम लाल दाखवतेय.
दाखवू दे.
पोर शाळेत नेलं की गुरुजी विचारायचे, कधीचं?
बाप सांगायचा, तापीचं पाणी पुलाला लागलं होतं त्या साली,
किंवा, केळीचा घड निसवत होता.
गुरुजी खिडकीबाहेर बघायचे
आणि लिहायचे एक जून.
फोनवर थोडा वेळ काहीच नाही.
मग कीबोर्डचा आवाज.
लाल गेलं.

उचल मात्र त्यांच्याकडे नव्हतीच.
'कर्ज' होतं, आणि कारणांची यादी:
वैद्यकीय, शिक्षण, घर, इतर.
माझ्या रजिस्टरात होतं,
कौतिक सपकाळे, दोन हजार, मेव्हणा रुसला.
इंदल पावरा, पाचशे, भोंगऱ्या बाजार.
सुपडू कोळी, तीन हजार, सांगत नाही.
सगळ्यांना मी इतरमध्ये बसवलं,
दाटीवाटीनं.

एप्रिलचा पगार दोन्हीकडे केला,
माझ्या पेनाने आणि त्यांच्या यंत्राने.
फरक निघाला अठरा रुपये चाळीस पैसे.
दोन रात्री शोधला.
चूक नव्हती. मी पैसे वर ओढत आले होते,
प्रत्येकाचे, दर महिन्याला,
दहा पैसे असले तरी पुढचा रुपया.
शेटजींना सांगितलं.
सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.
"म्हणजे एकोणीस वर्षांचे किती झाले?"
हिशोब नाही केला.
"करू नका," म्हणाले, आणि पंखा वाढवला.

एक जूनला सकाळी नऊ वाजता
खिळ्यांना टांगलेल्या शर्टांच्या खिशांत
दहा फोन वाजले.
लूमच्या खडखडाटात कुणाला ऐकू आले नाहीत.
जेवणाच्या सुट्टीत कौतिक ऑफिसात आला,
उघडा, घामानं निथळत, फोन लांब धरून.
"ताई, हाऊ कोन शे?
माले वाढदिवसना शुभेच्छा देस."
कंपनी आहे, म्हटलं.
"आपली?"
नाही. पगाराची.
तो बराच वेळ उभा राहिला.
"त्याले सांगा, पगार सातले टाक.
तारीख कोनतीबी लिख."

चारला कागदात गुंडाळून जिलबी आली.
दहा जणांनी दहा दहा काढले होते,
उरलेल्या तेहेतिसांना पुरली नाही, भांडण झालं,
सुपडूनं आपली अर्धी दिली.
आठवड्याने पगार पडला, साताला, पैशासकट.
पावत्या आता फोनवरच येतात.
रजिस्टर मी कपाटात टाकलं नाही,
उचलीसाठी ठेवलंय, पेन्सिलनं.

अकरावा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये वाजला होता.
प्रिय हेमलता, असं होतं, आणि फुगे.
आईनं सांगितलेली तारीख वेगळी आहे,
पोळ्याच्या आदल्या दिवसाची.
तेवढं कळवावं म्हणून लिहायला घेतलं,
तर खाली बारीक अक्षरांत होतं,
कृपया या संदेशाला उत्तर देऊ नका.